परवानगी द्या

माणसाने फोन कोणता घ्यावा, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या पुस्तकात असेल असे मला वाटत नाही. अर्थात मी पडलो कॉमर्सचा पदवीधर, त्यामुळे ते पुस्तक मी उघडून पाहिलेले नाही. आमच्या अभ्यासक्रमात जमा आणि नावे अशा दोनच बाजू असत. शेवटी त्या जुळल्या, की माणूस सज्जन. पण गेल्या वर्षी माझा जुना फोन भरल्या चहाच्या कपात पडला, नंतर तीन दिवस तांदळाच्या डब्यात राहिला आणि चौथ्या दिवशी आमच्या हिने त्या तांदळाचा भात करून तो विषय संपवला. तेव्हापासून मी जो विचार करतो आहे, त्याला कुणी नीतिशास्त्र म्हटले तर माझी हरकत नाही.

आमच्या घरात कुठलीही वस्तू घ्यायची म्हणजे आधी परिषद भरते. चिरंजीवांचे मत आयफोन घ्यावा असे पडले. का, तर मी दोन वर्षांनी कंटाळलो की तो त्याच्याकडे जाईल. हिचे मत पडले, "अहो, ज्यावर बोललेलं ऐकू येतं असा कुठलाही घ्या. तुम्हाला काय करायचंय त्याचं? सकाळी फुलांची चित्रं पाठवता, तीही दुसऱ्यांची." दोन मते झाली. तिसरे मत रविवारी पोहे खायला आले.

तिसरे मत म्हणजे माझा भाचा. तो हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. हिंजवडीला जाण्यायेण्यात माणसाचा जो वेळ जातो, तेवढ्यात पूर्वीच्या लोकांनी ज्ञानकोश लिहिले असते. भाच्याने तो वेळ फोन आपल्यावर पाळत कशी ठेवतो याच्या अभ्यासात घालवला आहे. पोह्यांवर लिंबू पिळत तो म्हणाला, "मामा, आधी सांग, तुला काय पाहिजे? खासगीपणा, सोय की ताबा? तिन्ही एकदम मिळत नाहीत."

"किंमत सांग," मी म्हटले.

"तेच तर! किंमत ह्यातच मोजायची असते."

माझा चेहरा पाहून त्याने उदाहरण बदलले. पुण्यातल्या माणसाला कुठलीही गोष्ट भाडेकरू आणि मालक या नात्याने समजावली की चटकन कळते, हे त्याला आईकडून माहीत असावे.

"साधा अँड्रॉइड म्हणजे काय? जागा ऐसपैस, भाडं जवळजवळ नाही. फक्त मालक दिवाणखान्यात खुर्ची टाकून बसलेला. बोलत काही नाही. तुझ्याकडे कोण आलं, काय शिजलं, दिवा किती वाजता मालवलास, एवढं बघतो. आणि दुसऱ्या दिवशी दारात बरोबर तुला हवा तोच भाजीवाला उभा! गूगलची मुख्य कमाई जाहिरातींची आहे मामा, भाड्याची नाही."

"आणि आयफोन?"

"ती कडक सोसायटी. रखवालदार चांगला, बाहेरच्याला सहसा आत सोडत नाही. २०२१ पासून तर एखाद्या ॲपला इतर ॲपांत तुझ्या मागे मागे फिरायचं असेल, तर आधी तुला विचारायला लावतात. पण भिंतीला खिळा मारायचा नाही, गॅलरीत दोरी बांधायची नाही, आणि ॲपं घ्यायची ती सोसायटीच्याच दुकानातून. मासिक वर्गणीचं विचारू नकोस."

मग त्याने स्वतःचा फोन काढून टेबलावर ठेवला. त्यावर ग्राफीनओएस नावाची पद्धत होती. हा म्हणे स्वतःचा बंगला. मालक नाही, रखवालदार नाही, सगळा ताबा आपला. "मात्र पंप बिघडला तर विहिरीत आपणच उतरायचं," तो प्रामाणिकपणे म्हणाला. गूगलच्या नजरेतून सुटण्यासाठी ही पद्धत चढवायची तर आधी फोन कुठला घ्यावा लागला, असे मी विचारले. त्याने क्षणभर पोह्यांकडे पाहिले. "गूगलचाच. पिक्सेल." मालकाच्या जाचाला कंटाळून मालकाकडूनच प्लॉट घेतल्यासारखे ते होते, पण मी बोललो नाही. भाचा आहे.

"ह्याच्यावर सगळं चालतं?" हिने विचारले.

"जवळजवळ सगळं. काही बँकांची ॲपं तेवढी चालत नाहीत. त्यांना वाटतं, माझ्या फोनशी कुणीतरी छेडछाड केलीये."

"मग पैसे कसे देतोस?"

"रोख."

२०१६ साली यूपीआय आले. आज कोथिंबिरीची जुडीसुद्धा चौकोनी ठिपक्यांच्या चित्रावर मिळते. अशा काळात स्वातंत्र्यासाठी दहा-दहाच्या नोटा खिशात बाळगणारा हा तरुण मला लहानसा क्रांतिकारक वाटला. क्रांतिकारकांबद्दल आपल्याला आदर असतो. त्यांच्या घरी मात्र आपण राहायला जात नाही. मी साधा अँड्रॉइड घेतला.

नव्या फोनचा पहिला दिवस मुलाखतीत जातो. फोन विचारतो, आपण उत्तरे देतो. छायाचित्रे पाहू का? परवानगी द्या. तुम्ही कुठे आहात ते बघू का? परवानगी द्या. ओळखीच्या माणसांची यादी वाचू का? परवानगी द्या. विजेरीचे एक ॲप घेतले, तेही ही यादी मागू लागले. अंधारात माझी माणसे शोधणार होते की काय, कोण जाणे! एकीकडे आमच्या पेठांतल्या पाट्या पाहा. काय करायचे नाही ते चार ओळींत, येणाऱ्याचा अपमान होईल इतके स्पष्ट लिहिलेले असते. फोनच्या अटी पानेच्या पाने चालतात, अतिशय सभ्य असतात, आणि त्या वाचलेला माणूस मला अद्याप भेटलेला नाही. मीही वाचल्या नाहीत. आयुष्यभर लोकांना "सही करण्यापूर्वी फॉर्म वाचा" असे सांगत आलेला मी कारकून, सतरा वेळा न वाचता अंगठा उठवून मोकळा झालो.

आता तुम्ही म्हणाल, लपवण्यासारखे काही नसेल तर भ्यायचे कशाला? हा युक्तिवाद मी सकाळी फिरताना सारसबागेत अण्णांकडून नेहमी ऐकतो. अण्णा आमचेच निवृत्त हेडक्लार्क. "अरे, आपण चोरी करत नाही, लफडी करत नाही. बघू देत की काय बघायचंय ते!" एके दिवशी मी सहज विचारले, "अण्णा, पेन्शन किती बसली हो तुमची?" अण्णा थबकले. मग म्हणाले, "यंदा थंडी उशिरा पडली, नाही?" हेच अण्णा एटीएममध्ये नंबर दाबताना यंत्रावर असे ओणवे होतात, की मागच्याला वाटावे यांना भोवळ आली. लपवण्यासारखे काही नाही म्हणणाऱ्यांच्या घरालाही पडदे असतातच.

दुसरे असेही म्हणतात, की खासगीपणा ही साहेबाकडून आलेली चैन आहे; आपल्या वाड्यांत कुठे होता तो? मी वाड्यात वाढलेला माणूस. चौकात एक नळ, भोवती बारा बिऱ्हाडे, आणि कुणाच्या डाळीला लसणाची फोडणी बसली हे बाराही जणांना ठाऊक. टेलिफोन एकट्या मालकांकडे. बाकीचे आपल्या कार्डावर त्यांचा नंबर छापून पुढे 'पी.पी.' लिहीत. नोकरी मिळाल्याची बातमी मालकीणबाई गॅलरीतून ओरडून सांगत आणि नोकरी न मिळाल्याचीही त्याच आवाजात. खासगीपणा नव्हता, हे खरे. पण दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे फिटंफाट होती. मालकीणबाईंना आमचे कळे तसे आम्हाला त्यांचेही कळत होते. त्यांनी फार ताणले की आई एकच वाक्य बोलायची आणि गॅलरीचे दार लागायचे. फोनमधल्या मालकाला मी काय ऐकवणार? त्याच्या घरात काय शिजते ते मला दिसतच नाही. आणि दुसरे म्हणजे, ऐकू आलेले सगळेच बोलायचे नसते एवढी रीत होती. शेजारच्या बिऱ्हाडात रात्री रडण्याचा आवाज आला, तर सकाळी नळावर त्या बाईंची कळशी न बोलता आधी लावली जायची. कळले आहे, आणि कळले असे दाखवायचे नाही, यालाही काही शिक्षण लागते.

पोस्टानेही ही सोय ओळखली होती. आपल्याकडे पोस्टकार्ड आले ते १८७९ साली. ते उघडे, पोस्टमनने वाचले तरी चालेल असा मजकूर त्यावर. बाकीच्यासाठी निळे आंतर्देशीय, तीन बाजूंनी चिकटवलेले. 'सुखरूप पोहोचलो' हे कार्डावर आणि 'पैसे संपले' हे आंतर्देशीयात, एवढा विवेक वसतिगृहातल्या पोरालाही होता. म्हणजे सगळेच झाकायचे असे नाही आणि सगळेच उघडे टाकायचे असेही नाही; कशाला कोणता कागद, ते लिहिणारा ठरवी.

इथपर्यंत सगळे माझ्या खासगीपणाबद्दल झाले, आणि त्याची मला खरोखर फारशी फिकीर नव्हती. मी कुठे जातो? बँकेत आणि घरी. काय विकत घेतो? हिने सांगितलेले, आणि तेही चुकीचे. ही माहिती विकून कुणी श्रीमंत होणार असेल तर होवो बापडा. हिशेब सरळ होता: माहिती माझी, सोय माझी. जमा-नावे जुळत होते.

मग काकूंचे प्रकरण घडले.

बँकेत नोकरीला लागलो त्या दिवशी माझ्याकडून एका कागदावर सही घेतली होती. निष्ठा आणि गुप्तता यांची प्रतिज्ञा. सरकारी बँकांच्या बाबतीत ही काही साहेबांची लहर नव्हे. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यानंतरच्या १९७० च्या कायद्यातच ती घातलेली आहे. साहेबापासून शिपायापर्यंत सर्वांना लागू. हा कागद मी मात्र वाचला होता, कारण तेव्हा माझे लग्न झालेले नव्हते आणि मला वेळ होता. काउंटरवर बसणाऱ्याला माणसाचे जे दिसते ते डॉक्टरलाही दिसत नाही. कोणाचा मुलगा अमेरिकेतून पैसे पाठवतो आणि कोणाचा नुसताच फोन करतो, हे मला ठाऊक असते. लक्ष्मी रोडवर ज्यांची मोठी पाटी आहे त्यांच्या खात्यात काय आहे आणि पाटीखाली बसून फुले विकणारीच्या खात्यात काय आहे, हेही. इतक्या वर्षांत मी हे हिलाही सांगितलेले नाही. म्हणून तर हिला माझे बोलणे कंटाळवाणे वाटते.

काकू आमच्या जुन्या खातेदार. आयुष्यभर घरी शिवणकाम केले. काका मोठ्या मनाचे. इतक्या मोठ्या मनाचे, की पुतण्याचा दर दोन वर्षांनी बुडणारा नवा धंदा त्या मनात आरामात मावत असे. काकूंनी शिवणाच्या पैशातून स्वतःच्या नावाने एक मुदत ठेव केली होती. वारस म्हणून मुलगी. ती मुलगी सासरहून परत आली होती आणि पुन्हा जाणार नव्हती. काकूंनी मला एवढेच सांगितले होते, "घरी पत्र पाठवू नकोस रे. मुदत संपत आली की फोन कर. दुपारी दोन ते तीन. हे झोपलेले असतात."

म्हणून त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. माझ्या फोनमध्ये काकू एकंदर नऊ आहेत. ओळखू यावे म्हणून मी नाव लिहिले होते: 'काकू गुपचूप एफडी'.

नव्या फोनवर, अनोळखी नंबर कुणाचा ते सांगणारे एक ॲप मी घेतले. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, असे फोन दिवसातून दहा येतात, ते ओळखण्यासाठी. मोठी सोय! ते कसे ओळखते, हे विचारण्याची बुद्धी मला झाली नाही. भाच्याने नंतर सांगितले: हजारो लोकांच्या याद्या गोळा करायच्या, कोणत्या नंबरापुढे कोणी काय नाव लिहिले आहे ते पाहायचे आणि इतरांना दाखवायचे. मी यादीची परवानगी दिली होती. काकूंचा नंबर यादीत ठेवणारे लोक तसे थोडेच. त्यांत माझे बारसे निवडून आले.

गणपतीत काकूंनी पुतण्याला फोन केला, आरतीला किती वाजता येतोस म्हणून. त्याने नवा फोन घेतला होता, काकूंचा नंबर त्यात भरलेला नव्हता, आणि तेच ॲप त्याच्याकडेही होते. पडद्यावर ठळक अक्षरांत आले: काकू गुपचूप एफडी. त्याला ते फार विनोदी वाटले. प्रसादाच्या वेळी त्याने ते सगळ्यांना दाखवले. सगळे हसले. काका हसले नाहीत.

काकू पुढच्या सोमवारी बँकेत आल्या. पावती पुढे केली. "मोडायचीय." मुदतीपूर्वी मोडली तर व्याज कमी बसते, ते गणित मला करावे लागले. एरवी हे गणित मी मिनिटात करतो, त्या दिवशी दोनदा चुकलो. काका ओरडले नव्हते, चार दिवस बोललेच नव्हते. पाचव्या दिवशी म्हणाले, "माझ्यापासून?" आणि पुतण्याला नेमकी तेव्हाच भांडवलाची गरज होती.

पैसे मोजून झाल्यावर काकूंनी विचारले, रागाने नाही, खरोखरच कळत नाही म्हणून: "दहा वर्षं तू तोंड उघडलं नाहीस. मग बोललं कोण रे?"

मी सांगितले. माझा फोन बोलला. आणि त्याला बोलायची परवानगी मी दिली.

त्या रात्री मी पुन्हा जमा-नावे मांडून पाहिले. चूक कुठे होती ते आता दिसले. सोय माझ्या खाती जमा झाली होती आणि रक्कम काकूंच्या नावे पडली होती. दुसऱ्याच्या खात्यातून स्वतःची उधारी भागवणे याला आमच्या बँकेत स्पष्ट शब्द आहे, आणि त्यासाठी माणूस निलंबित होतो.

कायदा काय म्हणतो ते मी पाहिले. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, 'आधार'च्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटींची नोटीस पाठवली, तेव्हा आमची अख्खी शाखा निषेध म्हणून सिग्नलवर गेली होती आणि फुलांच्या चित्रांवाचून करमेना म्हणून आठ दिवसांत परत आली. त्याच अटींबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला, आणि मग प्रकरण अपिलात गेले. मोठ्यांसाठी हे सगळे आहे, आणि असायलाच हवे. पण २०२३ च्या कायद्यात एक वाक्य असे आहे, की एखाद्याने आपल्या वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला तो लागू नाही. तेही योग्यच, नाहीतर लग्नाच्या आमंत्रणाची यादी करणाऱ्या प्रत्येक बापाला वकील करावा लागेल. फक्त इतकेच, की आपल्या वहीत आपण दुसऱ्याचे काय लिहितो आणि ती वही कुणाला देतो, याचा जाब विचारायला घरात आपल्याशिवाय कुणी उरत नाही.

भाच्याला मी सगळे सांगितले. तो 'मी म्हणत नव्हतो?' असे म्हणाला नाही, यावरून तो आईवर गेलेला नाही हे कळले. त्याच्या फोनमध्ये म्हणे अशी युक्ती आहे, की ॲपला वाटते यादीची परवानगी मिळाली, आणि प्रत्यक्षात त्याला कोरी वही दिसते. आयफोनमध्येही २०२४ पासून सगळी यादी न देता निवडक चार नावे देता येतात. "घेतोस बंगला?" त्याने विचारले. मी नको म्हटले. पंप बिघडला तर विहिरीत उतरण्याचे माझे वय नाही. पण भाडेकरूलाही एक अधिकार असतो: कोणती वस्तू त्या घरात आणायचीच नाही, हे ठरवण्याचा. नाव सांगणारे ॲप मी काढून टाकले. त्यांच्याकडे गेलेले नाव काढून टाका असा अर्जही केला. अर्थात पुतण्याच्या डोक्यातून काढा, असा अर्ज करण्याची सोय नाही. यादीची परवानगी आता मी कुणालाच देत नाही. विजेरीला तर नाहीच. कर्जवाल्यांचे दहा फोन येतात. घेतो आणि 'नको' म्हणतो. दहा वेळा नको म्हणणे हे त्या सोयीचे खरे भाडे होते आणि ते मीच भरायला हवे होते.

आणि खातेदारांचे नंबर फोनमधून काढून एका छोट्या डायरीत उतरवले. डायरी ड्रॉवरमध्ये, किल्ली माझ्याकडे.

गेल्या महिन्यात काकू पुन्हा आल्या. काउंटरवर पाचशेची एक नोट ठेवली. "दर महिन्याला एवढे भरायचेत. आर.डी. उघड." फॉर्म भरताना इकडेतिकडे पाहून त्यांनी हळूच विचारले, "आता माझं नाव काय लिहिलंयस?"

मी ड्रॉवर उघडून डायरी दाखवली. एकही नाव नव्हते. पानभर नुसते नंबर.

काकूंनी चष्मा वर केला. "अरे, मग ह्यातला माझा कुठला, ते तुला कसं कळणार?"

हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. आम्ही दोघांनी डायरीवर वाकून बराच वेळ शोधले. त्यांना स्वतःचा नंबर पाठ नव्हता. मागे रांग वाढत होती. शेवटी काकूच म्हणाल्या, "राहू दे. तू नको फोन करूस. मीच येत जाईन दर महिन्याला, दोन ते तीन."